जुनी ९११ घ्यायची तर कुठली, आणि पावसाळ्यात ती ठेवायची कशी

या वेळी जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. फोंड्याच्या वाचकांचा प्रश्न पहिला घेतो, त्याचं उत्तर लांबणार आहे कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच येतात.

प्रश्न: मी फोंड्याला राहतो, वय ४८, एक छोटा कारखाना चालवतो. शाळेत असताना काकांच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात पोर्शे ९११ बघितली होती, तेव्हापासून डोक्यातून गेली नाही. आता मुलगी नोकरीला लागली, कर्ज फिटलं, साठेक लाख बाजूला काढलेत. समोर दोन गाड्या आहेत, दोन्ही ९११ च्याच, ९९७ नावाच्या पिढीतल्या कॅरेरा, दोन्हीचं पासिंग २०११ च्या शेवटाचं. एक मुंबईची पांढरी, फक्त १४ हजार किलोमीटर, मालक परदेशात असतो, गाडी बिल्डिंगच्या बेसमेंटला कव्हर घालून उभी, शोरूममधून आत्ता काढल्यासारखी दिसते. दुसरी बेळगावची, करडी, ५८ हजार किलोमीटर, बंपरवर दगडांचे टवके, ड्रायव्हर सीटची कड घासलेली, पण मालकाकडे बिलांची जाड फाईल आहे. करडी चार लाखांनी स्वस्त. घरचे आणि मित्र सगळे म्हणतात पांढरी घे, डोळे मिटून घे. काय करू?

उत्तर: करडी घ्या. तपासून घ्या, पण करडीच घ्या.

तुमचे मित्र चुकीचं काही बोलत नाहीयेत, आपल्याकडे मारुतीपासून सगळ्या गाड्यांना आपण हाच हिशोब लावतो की रनिंग कमी म्हणजे गाडी चांगली. पण पंधरा वर्षांत १४ हजार म्हणजे वर्षाला हजारसुद्धा नाही, म्हणजे ही गाडी चाललीच नाहीये, ती नुसती उभी राहिलीय, आणि उभी गाडी आतून खराब होत असते ते कुणाला दिसत नाही. रबराची सीलं सुकतात, टायर वरून काळे कुळकुळीत दिसतात पण आतून कडक झालेले असतात, ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन पंपाला त्रास देतं. वर बहुतेक मालक सांगतात, वॉचमन महिन्यातून एकदा दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवतो. ते तर सगळ्यात वाईट. दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं, त्यापेक्षा स्टार्टच केली नसती तरी बरं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझ्या मेव्हण्याने काही वर्षांपूर्वी अशीच एक कमी चाललेली गाडी घेतली, बघायला मीच सोबत गेलो होतो आणि मीसुद्धा त्या मीटरकडे बघूनच हो म्हटलं. विकणाऱ्याने सांगितलं सर्व्हिस वेळच्या वेळी झालीय, कागद मागाहून पाठवतो. ते कागद कधी आले नाहीत. गाडी घरी आली आणि पहिल्या दोन महिन्यांत एसी बसला, मग कूलंट गळायला लागलं, मग पुढच्या शॉक अब्सॉर्बरमधून ऑईल, चारही टायर टाकावे लागले, फ्युएल पंप गेला. एकेक पार्ट बाहेरून यायचा म्हणजे तीन-चार आठवडे, असं करत पहिल्या वर्षातले सात महिने गाडी गॅरेजमध्येच होती. मेव्हणा मला एका शब्दाने बोलला नाही पण मला ते अजून लागतं, म्हणून हे इतक्या पोटतिडकीने लिहितोय.

आता मॉडेल. इथे तुमची निवड एकदम बरोबर आहे, का ते सांगतो, कारण ९११ म्हणून बाजारात जे काही मिळतं ते सगळं एकसारखं नाही. ही गाडी पहिल्यांदा १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं, प्यूजो कंपनीने हरकत घेतली की मध्ये शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, म्हणून ते ९११ झालं. सहा सिलिंडर आडवे झोपवलेले, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, छपराची ती उतरती रेघ, हे तेव्हापासून आजपर्यंत धरून ठेवलंय, २०१७ च्या मे महिन्यात दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडली तिच्याकडे लांबून बघितलं तरी शाळकरी पोर सांगेल ही कुठली गाडी. पण आत बरंच बदललं. १९९८ पर्यंतच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या, त्यानंतरच्या पाण्यावरच्या. पाण्यावरची पहिली पिढी म्हणजे ९९६ आणि ९९७ ची सुरुवातीची वर्षं, साधारण २००८ पर्यंत, यातल्या साध्या कॅरेरांमध्ये दोन दुखणी आहेत. एक आयएमएस, म्हणजे इंजिनाच्या आतल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग, ते सगळ्यांचं जात नाही पण ज्याचं जातं त्याचं इंजिनच जातं. दुसरं बोअर स्कोअरिंग, सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडतात, ऑईल जळायला लागतं, आणि दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवून पूर्ण खोलणं. २००९ च्या मॉडेलपासून कंपनीने इंजिन नवं बनवलं, त्यात तो शाफ्टच ठेवला नाही, ओरखड्यांचं प्रमाणही खूप कमी झालं, आणि त्याच वेळी सात गिअरचा पीडीके, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला. तुमच्या दोन्ही गाड्या त्या पुढच्या आहेत. म्हणजे कुणी तुम्हाला २००६ ची वीस लाखांनी स्वस्त दाखवली तर का स्वस्त आहे ते लक्षात ठेवा.

वर्षाची खात्री आरसीवरून करू नका, चॅसिस नंबरवरून करा. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून वाचता येतो, सतरा अक्षरांचा असतो, सुरुवात डब्ल्यू-पी-शून्य अशी. डावीकडून दहावं अक्षर मोजा. ९ असेल तर २००९ चं मॉडेल, ए असेल तर २०१०, बी असेल तर २०११. पासिंग २०११ चं आणि अक्षर ए असेल तर गाडी विकली जाईपर्यंत कुठेतरी बराच काळ उभी होती एवढं समजायचं, घाबरायचं कारण नाही पण भाव करताना बोलायचं.

बघायला जाताना मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर पहिलं काम, मागे सायलेन्सरच्या नळीला हात लावायचा. गरम लागली तर चहा प्या, गप्पा मारा, दोन-तीन तास थांबा, कारण थंड इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात जे बोलतं ते नंतर बोलत नाही. सेल्फ लांबतोय का बघा, या वर्षांच्या गाड्यांत हाय प्रेशरचा फ्युएल पंप कमजोर झाला की पहिली खूण तीच. स्टार्ट झाल्यावर थोडा निळसर धूर आला तर लगेच नाही म्हणू नका, झोपलेल्या सिलिंडरांत रात्रभरात थोडं ऑईल उतरतं, दहा-पंधरा सेकंदांत निवळलं पाहिजे. मग गाडी बंद करून दोन्ही बाजूंच्या नळ्यांच्या आतून पांढरा रुमाल फिरवा. दोन्हीकडे सारखी काजळी असली तर ठीक, एकीकडे कोरडं आणि दुसरीकडे काळं तेलकट असं आलं तर त्या बाजूच्या सिलिंडरांत कॅमेरा घालून बघितल्याशिवाय पुढे बोलणं नाही.

नंतर पुढे या आणि गुडघ्यावर बसा. या गाडीचं इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, बंपरच्या दोन्ही टोकांच्या खिडक्यांत, आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. मोबाईलचा टॉर्च आत मारा. मी एकदा करंझाळ्याला एका गाडीच्या डाव्या खिडकीत असा टॉर्च मारला तर आत सुकलेल्या आंब्याच्या पानांचा अख्खा गठ्ठा, त्यात समुद्राची वाळू, ओलावा धरून बसलेला, बोटाने पानं बाजूला केली तर मागची ॲल्युमिनियमची जाळी पिठासारखी हातात आली. बाहेरून ती गाडी आरशासारखी होती. समुद्राकाठी ठेवलेल्या गाडीत हे हमखास बघायचं, आणि तुम्ही घ्याल त्या गाडीचंही वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, बंपर उतरवून साफ करून घ्यायचं. काम दोन तासांचं आहे, न केल्याचा खर्च लाखाच्या पुढे जातो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वर गेलेला टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी या गाडीला नको. मागच्या दोन टायरांवर गाडीचं जास्त वजन आणि सगळी ताकद असते, ओल्या वळणावर कडक टायर सुटला तर मागची बाजू आधी निघते. पांढरीचे टायर बघा, मला वाटतं मूळचेच असतील.

एवढं झालं की मग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासणी. विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजला नाही, तुम्ही निवडलेल्या. त्यांना सांगून इंजिनाच्या कॉम्प्युटरचा ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट काढून घ्या, त्यात सहा टप्पे असतात, इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं ते दिसतं. वरच्या टप्प्यांत, चौथ्या-पाचव्या-सहाव्यात, आकडे असतील तर कुणीतरी चुकीचा गिअर टाकलाय. पीडीकेत ते सहसा होत नाही, मॅन्युअलमध्ये होतं. पण त्याच कागदावर अजून एक गोष्ट असते जी फार कमी लोक वाचतात, इंजिन एकूण किती तास चाललं. किलोमीटर भागिले तास करा. करडीचे ५८ हजार किलोमीटर आणि समजा १,६०० तास आले तर ताशी ३६ ची सरासरी, रस्त्यावर चाललेल्या गाडीची असते तशी. पांढरीचे १४ हजार आणि तास ११०० आले तर सरासरी तेराच्या खाली. मग एक तर ती वर्षानुवर्षं उभ्या उभ्या चालू ठेवलीय किंवा मीटर मागे फिरवलाय. दोन्ही वाईटच.

करडीच्या फाईलमध्ये मी काय शोधेन ते सांगतो. ऑईल दर वर्षी बदललंय का, किलोमीटर झाले नसले तरी. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी. पीडीकेच्या क्लचचं ऑईल एकदा तरी बदललेलं असावं. कॉइल आणि प्लग कधी बदलले, कारण कॉइल मागच्या चाकांजवळ खाली असतात, उष्णतेने त्यांना तडे जातात आणि पहिल्या पावसात इंजिन झटके द्यायला लागतं. पाण्याचा पंप. आणि मला सगळ्यात आवडेल ती गोष्ट म्हणजे बिलांच्या मागे पेनने लिहिलेलं काहीतरी, अमुक आवाज येत होता, हे बदललं, गेला. असा मालक भेटला की त्याच्याशी अर्धा दिवस बोलत बसा, बंपरवरच्या टवक्यांकडे बघूसुद्धा नका, ते दगड तिने रस्त्यावर खाल्लेत.

पीडीकेबद्दल एकच धोक्याची सूचना, आतले सेन्सर बिघडले तर काम मोठं निघतं. चाचणीत गाडी पूर्ण तापू द्या, मग गर्दीत रिव्हर्स-ड्राइव्ह, रिव्हर्स-ड्राइव्ह असं आठ-दहा वेळा करा, धक्का किंवा स्क्रीनवर गिअरबॉक्सचा मेसेज आला तर थांबा.

कागद. बेळगावची म्हणजे केए-२२ पासिंग, तिथल्या आरटीओची एनओसी लागेल, फॉर्म २८. मग फोंड्याला मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नाहीतर आरसीवर बोजा तसाच राहतो. गोव्यात नवा नंबर घेताना रोड टॅक्स परत भरावा लागणार. कर्नाटकातून परतावा मिळेल असं एजंट सांगेल पण पंधरा वर्षं होत आलेल्या गाडीला हातात येईल असं काही राहत नाही, तो आकडा हिशोबात धरू नका. आणि मुख्य म्हणजे या दोन्ही गाड्यांची १५ वर्षं या वर्षाअखेर भरतायत. मग फिटनेस करून पाच वर्षांसाठी पासिंग वाढवून घ्यावं लागतं, आणि इम्पोर्टेड गाडीला ती फी साध्या गाडीसारखी ५ हजार नाही, ४० हजार आहे. माझं मत असं की एनओसी आणि ट्रान्सफर मुदत संपायच्या आत उरकून घ्या, नूतनीकरण फोंड्याला करा. उलटं झालं तर दोन राज्यांच्या खिडक्यांमध्ये कागद फिरत राहील.

साठातले साठ गाडीत घालू नका. आठ-दहा लाख पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा, टायर, बॅटरी, ऑईलं, एखादा कंडेन्सर, टॅक्स, इन्शुरन्स. नाही लागले तर तुमचेच आहेत.

प्रश्न: मी मडगावची, डॉक्टर आहे. मला पोर्शेची बॉक्स्टर घ्यायचीय, २०१३-१४ ची, कापडी छपराची. नवरा हो म्हणतो पण सासूबाईंचं म्हणणं आपल्या पावसात कापडाची गाडी म्हणजे घरात छत्री लावून बसणं. त्यांना काय सांगू?

उत्तर: सासूबाईंना सांगा की त्यांची काळजी अगदी बरोबर आहे, फक्त पाणी कापडातून येत नाही. बॉक्स्टरचं छप्पर जाड असतं, तीन-तीन तास धो धो पावसात उभी केलेली मी बघितलीय, आत थेंब नाही. पाणी येतं ते नाल्या तुंबल्याने. छप्पर जिथे घडी होऊन बसतं तिथे दोन्ही बाजूंना पाणी खाली सोडणाऱ्या बारीक नळ्या आहेत, आपल्याकडे झाडाखाली गाडी लावली की त्यात पानं, फुलं, चिंचेचा पाला जाऊन बसतो, नळी भरली की पाणी आत वळतं आणि सीटखालच्या गालिच्यात मुरतं. जुन्या बॉक्स्टरमध्ये तर सीटच्या खालीच लॉकिंगचा आणि अलार्मचा कॉम्प्युटर असायचा, तो भिजला की गाडी ठप्प. तेव्हा गाडी बघायला गेलात की आधी नाक वापरा. दार उघडून आत बसा, काचा वर करा, दोन मिनिटं थांबा. कुबट वास आला की गालिच्याची कड उचलून खालच्या फोममध्ये बोट दाबा. ओलं लागलं तर गाडी सोडून द्या, किती का सुंदर असेना. मस्त सेंट मारून ठेवला असेल तर जास्तच शंका घ्या.

तुम्ही म्हणताय ती पिढी, ९८१, २०१२ ला आली, मला स्वतःला सगळ्या बॉक्स्टरांत तीच आवडते. सहा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे, २.७ लिटरचं २६५ पीएस आणि एस मॉडेलमध्ये ३.४ लिटरचं ३१५. २०१६ नंतरच्या ७१८ मध्ये चार सिलिंडर टर्बो आला, गाडी वेगवान झाली पण तो आवाज गेला. छप्पर उघडून बाणावली-कोलवाच्या रस्त्याने सकाळी सहाला जाताना तो आवाज ऐकायचा असेल तर ९८१ च घ्या. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि दसऱ्याला, नाल्या साफ करून घ्या. कापड ओलं असताना घडी घालायची नाही, बुरशी धरते. आणि पुढच्या वेळी बाहेर पडाल तेव्हा सासूबाईंना शेजारच्या सीटवर बसवून एक फेरी मारून आणा.

प्रश्न: म्हापशाजवळ एक परदेशी गृहस्थ आपली डाव्या हाताची, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे असलेली स्पोर्ट्स कार विकतायत, नंबर प्लेट परदेशी आहे. मधला माणूस म्हणतो निम्म्या भावात मिळेल, अर्धे पैसे कॅश, पासिंगचं नंतर मी बघतो. घ्यावी का?

उत्तर: नाही. ही गाडी बहुतेक कारनेवर आलीय, म्हणजे पर्यटक म्हणून ठरावीक मुदतीसाठी ड्यूटी न भरता आणलेली, ती इथे विकताच येत नाही, परत न्यावी लागते. विकली तर कस्टम्स गाडी उचलून नेतं आणि दाराशी उभे राहतात ते तुमच्या, तो मधला माणूस फोन उचलत नाही. तसंही आपल्याकडे वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर साधारणपणे तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताचीच लागते, ड्यूटी वेगळी, त्यामुळे ‘नंतर पासिंग’ होणारच नाहीये. आणि कॅशचं म्हणाल तर एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. इम्पोर्ट केलेली कुठलीही गाडी घेताना बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सकडच्या आयातीच्या कागदाची प्रत मागा, त्यावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. पुदुच्चेरी पासिंगची महागडी गाडी स्वस्तात दिसली तरी थांबा, टॅक्स वाचवायला खोट्या पत्त्यांवर केलेल्या नोंदण्यांची प्रकरणं बरीच गाजलीत, ते झेंगट नव्या मालकाच्या गळ्यात पडतं.

प्रश्न: सर मी साखळीचा, वय २४. पगार ४० हजार. एक जुनी जर्मन टू-सीटर १२ लाखांत मिळतेय, २००५ ची, १० लाख लोन होईल असं एजंट म्हणतो. घेऊ का? घरी सांगितलं नाहीये.

उत्तर: नको घेऊस. तुझ्या वयात माझीही ओढ अशीच होती म्हणून तुला टाळायला म्हणून उत्तर देत नाहीये, हिशोब सांगतो. वीस वर्षांची महागडी गाडी १२ लाखांत मिळते तेव्हा तिची किंमत उतरलेली असते, तिच्या पार्टची नाही. पार्ट नव्या गाडीच्याच भावाने येतात. हप्ता जाऊन तुझ्या हातात राहणार वीसेक हजार, आणि एका बाजूचे शॉक बदलायलासुद्धा ते पुरणार नाहीत, मग गाडी अंगणात उभी राहणार आणि हप्ता चालू राहणार. अशा अर्धवट सोडलेल्या गाड्या डिचोली-साखळी भागात मी दोन बघितल्यात, दोन्ही तुझ्यासारख्याच मुलांच्या.

त्याऐवजी एखादी नीट ठेवलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय बघ. २०१३ ला आली होती, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस, सात गिअरची दोन क्लचवाली गिअरबॉक्स, म्हणजे वर ज्या पीडीकेबद्दल लिहिलं त्याच जातीची. लोन न काढता घेता येईल अशी शोध. ऑईल स्वतः बदलायला शीक, टायरवरचे आकडे वाचायला शीक, चोर्ला घाटात सकाळी वळणं नीट घ्यायला शीक. आणि घरी सांग.

प्रश्न: पेडण्याहून. माझ्याकडे २००९ ची ९११ आहे, जून ते सप्टेंबर बाहेर काढत नाही. दर वर्षी ऑक्टोबरात काहीतरी निघतंच, मागच्या वेळी बॅटरी उतरली आणि पुढचं बॉनेटच उघडेना. शिवाय हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल या गाडीला चालतं का?

उत्तर: बॉनेटचं आधी सांगतो कारण यात लोक पत्रा वाकवून बसतात. या गाडीत बॅटरी पुढच्या बॉनेटखाली आणि ते बॉनेट उघडतं विजेवर, म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंतच पोचता येत नाही. आत पायाजवळ फ्यूजचा डबा आहे, त्याचं झाकण काढलं की बाहेर ओढता येईल असं एक लाल टोक दिसेल. ते बाहेर ओढून त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस लावायचा, मायनस दाराच्या लॉकच्या लोखंडी कडीला, आणि मग बॉनेटचं बटण दाबायचं. बॉनेट उघडण्यापुरतीच वीज तिथून घ्यायची, त्या टोकावरून गाडी स्टार्ट करायला जाऊ नका, वायरिंग जळेल.

पुढच्या पावसाळ्याला बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर लावून ठेवा, कायम जोडलेला, एका इन्व्हर्टर बॅटरीपेक्षा स्वस्त येतो. ऑईल उभी करायच्या आधी बदला, नंतर नाही, जुन्या ऑईलमधली आम्लं चार महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. हॅंडब्रेक लावून ठेवू नका, दमट हवेत ब्रेक चिकटतो, चाकाला लाकडाचे ठोकळे लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त. प्लॅस्टिकचं कव्हर अजिबात नको, खाली घाम धरतो, सुती कापडाचं घ्या. आणि उंदीर, पेडण्याला शेतं जवळ आहेत, पाऊस लागला की ते उबेला इंजिनात येतात आणि वायरी कुरतडतात, पिंजरा लावा आणि आठवड्यातून एकदा तरी टॉर्च घेऊन मागचं झाकण उघडून बघा.

खरं तर चार महिने उभीच ठेवायला पाहिजे असंही नाही. जुलैतसुद्धा दोन-तीन दिवसांची उघडीप येते, तेव्हा मोपाच्या रस्त्याने चाळीस-पन्नास किलोमीटर नीट तापवून आणा. फक्त साचलेल्या पाण्यात घालू नका, आणि ओल्या वळणात मध्येच एकदम ॲक्सिलरेटर सोडू नका, वजन मागे आहे.

पेट्रोलचं असं, तुमच्या गाडीचं रबर आणि सीलं २० टक्के इथेनॉल धरून बनवलेली नाहीत. रोज चालणाऱ्या गाडीत ते जळून जातं, त्रास होतो तो टाकीत महिनोन् महिने पडून राहिल्यावर, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडे जूनमध्ये हवेत दुसरं असतं काय. शक्य होईल तेव्हा इथेनॉल नसलेलं शंभर ऑक्टेनचं घ्या, किमान उभी करायच्या आधीची शेवटची टाकी तरी त्याची भरा, आणि पूर्ण काठोकाठ भरा म्हणजे आत दमट हवेला जागाच उरत नाही. या गाडीला ऑक्टेन ९५ च्या खाली कधीच नको, कंपनी ९८ सांगते. ऑक्टोबरात बाहेर काढाल तेव्हा निघण्याआधी मागच्या चाकांजवळचे पेट्रोलचे होस हाताने चाचपून बघा, चिकट किंवा फुगल्यासारखे लागले तर लगेच बदलून घ्या. इंजिन मागे आहे आणि गरम आहे, तिथे पेट्रोलची गळती एक दिवससुद्धा चालवून घ्यायची नाही.

फोंड्याच्या वाचकांसाठी अजून एक. बेळगावहून करडी आणायचं ठरलं तर चोर्ल्याच्या रस्त्याची हालत आधी विचारून घ्या, खड्डे असतील तर अनमोडवरून मोलेमला उतरा, लांब पडलं तरी चालेल. आणि बंपर उतरवून बघितलात की आतल्या जाळीचा फोटो मला नक्की पाठवा.